थोरली ओळ आणि गावकुसाबाहेरचे घर

समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या क्रमिक पुस्तकात दर्जा, भूमिका, संस्था, स्तरीकरण या संकल्पना सुरुवातीच्या काही प्रकरणांतच उरकून टाकलेल्या असतात. व्याख्या, व्याख्याकाराचे नाव, चार वैशिष्ट्ये आणि परीक्षेला पाच गुण. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी हा विषय बरीच वर्षे शिकवीत आलो आहे. माझ्यासमोर बसणारी मुले-मुली जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड या भागांतून येतात. त्यांतल्या कितीतरी घरांत सात-बाराचा उतारा नाही. 'अर्पित दर्जा म्हणजे काय?' असे विचारले की ती घडाघडा सांगतात, जन्माने मिळतो तो अर्पित दर्जा. उदाहरण विचारले की राजाच्या मुलाचे देतात. आपल्या आज्याचे कोणी देत नाही. येसकराच्या पोटी जन्मला म्हणून ज्याच्या हाती घुंगराची काठी आली, त्याच्यापेक्षा अर्पित दर्जाचे चोख उदाहरण शोधून सापडायचे नाही. परंतु पुस्तकात तो नाही, आणि म्हणून उत्तरपत्रिकेतही नाही.

या लेखात मला पुस्तकातल्या त्या मूलभूत संकल्पना परभणीच्या खळ्यावर, कापसाच्या रानात आणि दुष्काळी कामाच्या खडीवर नेऊन ताडून पाहायच्या आहेत. याची निकड मला अशासाठी वाटते की, आज जगभर विषमतेची जी चर्चा चालू आहे ती जवळजवळ सर्वस्वी मिळकतीच्या आकड्यांतून चालते. कोणाला किती मिळते, हा तिचा प्रश्न. माणसाला काय मिळते आणि माणूस कोण ठरवला जातो, या दोन गोष्टी आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात एकमेकींपासून वारंवार सुटलेल्या दिसतात. एकीचा हिशोब मांडला म्हणजे दुसरीचा आपोआप लागतो, हे गृहीतच मला मान्य नाही.

प्रथम पुस्तकांविषयी. १९३६ हे साल मला या बाबतीत फार बोलके वाटते. राल्फ लिंटन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने त्या साली 'द स्टडी ऑफ मॅन' हा ग्रंथ प्रसिद्ध करून अर्पित आणि अर्जित दर्जाचा भेद मांडला. त्याच साली विल्यम वायझर या अमेरिकन मिशनऱ्याचे जजमानी पद्धतीवरील पुस्तक निघाले. उत्तरेकडील मैनपुरी जिल्ह्यातल्या एका खेड्याच्या पाहणीवर ते आधारलेले आहे. प्रत्येक जात प्रत्येक जातीची सेवा करते आणि त्या देवघेवीतून गाव तोलून धरले जाते, असे चित्र त्यातून अभ्यासकांच्या मनात ठसले. आणि त्याच साली, लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने अधिवेशन रद्द केल्यामुळे न झालेले आपले भाषण बाबासाहेबांनी स्वतः छापून काढले. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हा सिद्धान्त त्यात आहे. तिन्ही पुस्तके एकाच सालची. पहिल्या दोहोंना अभ्यासक्रमात 'संकल्पना' म्हणून जागा मिळाली. तिसऱ्याला 'समाजसुधारक' या प्रकरणात ढकलले गेले. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात जातीवर निबंध वाचला. जात म्हणजे दारे लावून घेतलेला वर्ग, आणि ही दारे लावली जातात ती जातीबाहेर लग्न न करण्याच्या नियमाने, असे त्यांनी तिथे मांडले. आज आमची मुले 'जात म्हणजे बंदिस्त वर्ग' असे लिहून गुण मिळवतात आणि हे वाक्य कुठल्या वाटेने आपल्यापर्यंत आले हे त्यांना कोणी सांगत नाही. मी याला निव्वळ अनवधान मानायला तयार नाही.

आता खळ्यावर जाऊ.

परभणी हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईपर्यंत इथे निजामाची सत्ता, वर जहागीरदार-देशमुख, गावात पाटील-पटवारी, आणि त्यांच्याखाली कुणबी व बलुतेदार. राज्यकर्ता मुसलमान असल्याने गावगाड्याच्या रचनेत काही फरक पडला नव्हता. उलट सारा वसूल करण्यासाठी त्या राज्यकर्त्यालाही हाच गाडा सोयीचा होता. सुगीत ज्वारीची रास पडली की बलुतेदार खळ्यावर येत आणि आपापल्या हक्काचे धान्य नेत. हे वाटप तीन ओळींत होई. थोरली ओळ, मधली ओळ, धाकटी ओळ. काही भागांत ओळीला कास म्हणत.

या ओळींत कोण कुठे होते, हे नीट पाहण्यासारखे आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात बलुतेदारांची जी यादी दिली आहे, तीत थोरल्या ओळीत सुतार, लोहार, महार आणि मांग आहेत. मधल्या ओळीत कुंभार, चांभार, परीट, न्हावी. धाकट्या ओळीत भट, मुलाणा, गुरव, कोळी. गावोगावच्या याद्यांत फरक होता. कुठे चांभार वर सरके, कुठे मांग खाली येई. तरीही महार थोरल्या ओळीत आणि भट धाकट्या ओळीत, हा क्रम पुन्हापुन्हा आढळतो. म्हणजे ज्याची सावली चालत नव्हती त्याला धान्याचा मोठा वाटा, आणि ज्याच्या पायाचे तीर्थ घेतले जाई त्याला लहान वाटा!

याचा अर्थ काय लावायचा? पारंपरिक व्यवस्थेचे गोडवे गाणारे इथे लगेच म्हणतील, बघा, महाराला गावाने किती दिले होते. त्यांना आधी एक साधा हिशोब करायला सांगावा. सुताराचे घर गावात एक, फार तर दोन. महारवाड्यात घरे वीस-पंचवीस. वाटा जातीच्या वतनाला, घराला नव्हे. तो पाळीपाळीने आणि भाऊबंदकीच्या वाटणीने घरोघर पोचेपर्यंत ओंजळभर उरे. शिवाय सुताराने औत भरून दिले की त्याचे काम संपले. महाराच्या कामाला अंत नव्हता. सारा घेऊन तालुक्याला जाणे, परगावी मरणाचा सांगावा नेणे, सरकारी अंमलदाराच्या घोड्याला चारा, चावडीची झाडलोट, शिवेच्या भांडणात साक्ष, रात्रीचा पहारा, मेलेले ढोर ओढणे. काम कोणते, हे सांगणाऱ्याच्या मर्जीवर. थोरली ओळ ही या अमर्याद कामाची ओळ होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते याच कारणाने. वतन म्हणजे हक्क नव्हे, ती सरकारने आणि गावाने मिळून घातलेली बेडी आहे, अशी त्यांची भूमिका होती. निजामाच्या मुलखात ते विधेयक मंजूर होऊनही लागू झाले नसते, ही गोष्ट वेगळी.

परंतु हिशोब काहीही असो, एक गोष्ट उरतेच. धान्य मोजताना गावाला आमच्या कामाचे महत्त्व कळत होते. माणूस मोजताना कळत नव्हते. किंग्जली डेव्हिस आणि विल्बर्ट मूर या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९४५ साली असे प्रतिपादन केले की, समाजाला जी कामे अधिक महत्त्वाची वाटतात त्यांना अधिक मोबदला आणि अधिक मान मिळतो, आणि स्तरीकरण यातूनच निर्माण होते. वर्गात हा सिद्धान्त शिकवताना मी मुलांना थोरली ओळ लिहून दाखवतो. मोबदला आणि मान हे इथे एका दिशेने चालतच नाहीत. सिद्धान्त परभणीच्या खळ्यावर आला की त्याचे दोन तुकडे होतात.

माक्स वेबर या जर्मन विचारवंताने हे थोडेफार ओळखले होते. त्याच्या मृत्यूनंतर १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने वर्ग आणि दर्जा यांत भेद केला. बाजारातली ऐपत म्हणजे वर्ग, समाजातली प्रतिष्ठा म्हणजे दर्जा. जात हा त्याच्या मते सर्वांत कडेकोट असा दर्जागट. हा भेद उपयोगी आहे. पण 'प्रतिष्ठा' हा शब्द फार सौम्य आहे. महाराला प्रतिष्ठा कमी होती, असे म्हणणे म्हणजे तहानेने मेलेल्याला पाणी थोडे कमी पडले म्हणण्यासारखे आहे. इथे प्रश्न मानाच्या कमी-अधिकपणाचा नव्हता. कोणी कुठे राहावे, कोणत्या पाणवठ्यावर जावे, कोणाला कोणत्या नावाने हाक मारावी, याची सक्ती होती आणि तिच्यामागे काठी होती. बाबासाहेबांची 'श्रेणीबद्ध विषमता' ही संकल्पना इथे वेबरच्या पुढे जाते. साध्या विषमतेत वरचे थोडे आणि खालचे पुष्कळ असतात. खालच्यांना एकत्र येता येते. श्रेणीबद्ध विषमतेत प्रत्येक पायरीवरच्या माणसाला आपल्याखाली आणखी कोणीतरी असल्याचे समाधान दिलेले असते. म्हणून थोरल्या ओळीतले सुतार-लोहार आणि महार-मांग एकाच राशीतून, एकाच मापाने धान्य नेत आणि तरी एका बाजूला उभे राहिले नाहीत. इतकेच कशाला, महार आणि मांगही उभे राहिले नाहीत. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, परंतु आपल्या नियतकालिकांतून ते लिहायचे नाही तर कुठे?

त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहून या सर्व व्यवहाराचा बारीक तपशील दिला. पुस्तक मोलाचे आहे. पण आत्र्यांची करुणा कुणब्यापाशी थांबते. त्यांना बलुतेदार हा कुणब्याच्या राशीवर तुटून पडणारा दिसतो. खळ्याच्या कडेला पदर पसरून उभी राहिलेली बाई त्यांच्या पुस्तकात आहे, पण तिच्या बाजूने खळे कसे दिसते ते नाही.

हा गाडा मोडला कसा? सुधारकांच्या उपदेशाने मोडला नाही. त्याला पहिला मोठा धक्का जगाच्या बाजाराने दिला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि गुलामांच्या श्रमावर पिकणारा तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. मग इंग्रज व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडाच्या आणि त्याला लागून असलेल्या निजामी मुलखाच्या काळ्या रानाकडे वळली. युद्ध संपले, भाव कोसळले, पण कापूस राहिला. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे झाली. सेलू, परभणी, पूर्णा ही स्थानके झाली. सेलू-मानवतला सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. परभणीच्या एका शेताचा भाव लिव्हरपूलच्या बाजारात ठरू लागला.

याचा बलुत्याशी काय संबंध? संबंध असा की कापसाला खळे नसते. ज्वारीची रास सर्वांच्या डोळ्यांदेखत पडते. तिच्याभोवती बलुतेदाराला उभे राहता येते आणि हक्क सांगता येतो. कापूस वेचला जातो, गाडीत भरला जातो, कारखान्यावर जातो आणि त्याचे पैसे होऊन घरात येतात. पैशाच्या राशीभोवती बलुतेदार उभा राहू शकत नाही. जितके रान कापसाखाली गेले तितकी ज्वारीची रास लहान झाली, आणि राशीबरोबर थोरली ओळही आक्रसली. येसकराला पाळीची भाकर तेवढी उरली. म्हणजे जगाच्या बाजाराने आमच्या टोपल्यातले धान्य काढून घेतले, आणि घर मात्र गावकुसाबाहेरच ठेवले. बलुतेदार होता तो सालगडी झाला, पाडव्याला साल ठरवू लागला. त्याची बायको कापूस वेचू लागली. व्यवहार करारावर आला, पण ज्याच्याशी करार करायचा त्याच्या ओसरीवर चढायची मुभा नव्हती. आधुनिकता आली की जात विरघळेल, असे म्हणणारे पंडित उजवे असोत की डावे, त्यांनी हे अर्धवट स्थित्यंतर समजून घेतलेले नाही.

इमॅन्युएल वॉलरस्टाईन यांनी १९७४ साली जगाच्या अर्थव्यवस्थेची केंद्र आणि परिघ अशी मांडणी केली. परिघावरचे देश कच्चा माल पुरवतात, केंद्रातले देश त्याचे पक्के करून नफा ठेवतात. कापसाच्या बाबतीत हे परभणीला तंतोतंत लागू पडते. पण परिघालाही आपले गावकूस असते, हे या मांडणीत दिसत नाही. परभणी लँकेशायरच्या परिघावर होती आणि महारवाडा परभणीच्या परिघावर. भाव पडला तर कुणब्याचे रान सावकाराकडे जाई, हे खरेच. त्याच्या दुःखाला मी कमी लेखत नाही. परंतु ज्याला गहाण टाकायलाच रान नव्हते, तो या सिद्धान्तात कुठे बसतो?

महात्मा फुल्यांना मात्र हा धागा फार लवकर दिसला होता. त्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना. कापूस वेचणाऱ्या काळ्या गुलामाचे आणि इथल्या अतिशूद्राचे नाते जोडायला त्यांना कुठल्याही विद्यापीठाची गरज पडली नाही. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी निग्रो चळवळीतले विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य सांगितले. ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव आले. जगाच्या विषमतेत आपली जागा कोणती, हा विचार आपल्या परंपरेत परका नाही. २००१ साली दक्षिण आफ्रिकेतील दरबानला वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली तेव्हा जातीचा प्रश्न तिथे घेऊ नये, अशी भूमिका भारत सरकारने घेतली. जात म्हणजे वंश नव्हे, हे म्हणणे बरोबरच आहे. बाबासाहेबांनीही तेच सांगितले होते. पण जात वंश नाही म्हणून तिच्यावर जगात बोलू नये, हे तर्कशास्त्र कुठले?

आता मोजमापाकडे येतो. कोर्राडो गिनी या इटालियन संख्याशास्त्रज्ञाने १९१२ च्या सुमारास विषमता मोजण्याचा गुणांक सुचवला. सर्वांना सारखे मिळत असेल तर शून्य, सर्व एकालाच मिळत असेल तर एक. आजचे आकडे भयानक आहेत. २०२२ च्या जागतिक विषमता अहवालाप्रमाणे जगातल्या वरच्या दहा टक्क्यांकडे एकूण संपत्तीपैकी ७६ टक्के संपत्ती आहे, आणि खालच्या निम्म्या लोकसंख्येकडे अवघी २ टक्के. भारतापुरते पाहिले तर २०२२-२३ साली वरच्या एक टक्क्याकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता, असे पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले आहे. हे आकडे प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ असायला हवेत. मात्र शंभर वर्षांपूर्वी कोणी आमच्या खळ्यावर बलुतेदारांपुरता गिनीचा गुणांक काढला असता, तर महाराची ओळ भटाच्या ओळीच्या वर दिसली असती!

याच मोजमापाची दुसरी परीक्षा १९७२ च्या दुष्काळाने घेतली. सलग वर्षे पाऊस हुकला. विहिरी तळाला गेल्या, जनावरे बाजारात मातीमोल झाली. गावोगाव नाला बांध, रस्ते, खडी फोडण्याची कामे निघाली. रोजगार हमी योजनेचा पाया याच काळात पडला. पुढे १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २००५ च्या केंद्रीय कायद्याने याच कल्पनेचा आधार घेतला. या कामांवर एक अभूतपूर्व गोष्ट घडली. पाटलाची सून आणि महारवाड्यातली बाई एका रांगेत बसून खडी फोडू लागल्या. मजुरीचा दर एक. ब्रास मोजायचे माप एक. खायला मिळायची ती सुकडी एक, आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो, तीही एकच. मिलोच्या भाकरीची चव ज्यांनी घेतली त्यांनी पुढे जन्मात तिचे नाव काढले नाही. वर्गाच्या दृष्टीने पाहता त्या दोन वर्षांत अनेक गावे जवळजवळ एका पातळीवर आली होती. विषमता मोजणाऱ्याला असा समतल क्षण क्वचितच सापडेल.

माझी माय त्या कामावर होती. ती सांगायची, हातोडा सारखा, पाटी सारखी, हजेरीपटावर नावे एकाखाली एक. पण पाण्याचा रांजण वेगळा. आपल्या बायांनी ओंजळ धरायची आणि पाणी घालणारीने वरून धार सोडायची. धार हलली की अंगावर सांडायची, आणि त्या दुष्काळात सांडलेल्या पाण्याचे वाईट वाटायचे, विटाळाचे नाही. विटाळाची सवय झाली होती. मी हे तिच्याकडून अनेकदा ऐकले आहे. तिने कधी ते तक्रार म्हणून सांगितले नाही. पुस्तकात ज्याला सामाजीकरण म्हणतात, समाजाचे नियम माणसाच्या अंगी मुरणे, त्याचा याहून स्पष्ट दाखला मला तरी ठाऊक नाही.

त्याच १९७२ च्या मे महिन्यात परभणीत दोन गोष्टी घडल्या. १८ मे रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. दुष्काळी भागाला शेतीचे शास्त्र मिळाले, ही गोष्ट निःसंशय मोठी. आणि त्याच महिन्यात जिल्ह्यातल्या ब्राह्मणगाव येथे विहिरीच्या पाण्यावरून दोन बौद्ध स्त्रियांना विवस्त्र करून गावातून धिंड काढण्यात आली. महिन्याच्या अखेरीस मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. स्थापनेमागे इतरही अत्याचारांच्या बातम्या होत्या, इळयापेरुमाळ समितीचा १९७० साली संसदेपुढे आलेला अहवाल होता, परंतु ब्राह्मणगावाचे नाव त्या पहिल्या पत्रकांच्या आणि सभांच्या भाषेत कायमचे कोरले गेले. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वाढदिवशी 'साधना'च्या अंकात राजा ढाले यांनी राष्ट्रध्वजाच्या अपमानाला होणारी शिक्षा आणि दलित स्त्रीच्या विटंबनेला होणारी शिक्षा शेजारी ठेवून दाखवली. त्यावर महाराष्ट्रभर वादळ उठले. वादळ लेखातल्या शब्दांवर उठले. विहिरीवर उठले नाही.

विहिरीत पाणी कमी होते म्हणून हे घडले, असे स्पष्टीकरण देणारे तेव्हाही होते. टंचाईमुळे माणसे पिसाळतात म्हणे. टंचाई तर सर्वांनाच होती. पिसाळलेल्यांना नेमक्या त्या दोघीच कशा सापडल्या, याचे उत्तर टंचाईत नाही.

सहा वर्षांनी याचे दुसरे टोक दिसले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. नांदेड आणि परभणी जिल्ह्यांतल्या खेड्यांत वस्त्या जळाल्या, पिके उपटली गेली, माणसे घरदार टाकून शहरांकडे धावली. एका विद्यापीठाच्या नावासाठी खेड्यात ज्याने विद्यापीठ पाहिलेलेही नाही त्याचे घर का जळावे? गावोगावी फिरून अत्याचार विरोधी समितीने तयार केलेला अहवाल १९७९ साली प्रसिद्ध झाला, तो आजही वाचण्यासारखा आहे. माझ्या समजुतीप्रमाणे लिंटनच्या दोन संज्ञांची गाठ इथे पडते. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढचे मिलिंद. परभणी-नांदेडची मुले तिथे गेली, मास्तर झाली, कारकून झाली. धर्मांतरानंतर घरोघर मेलेले ढोर ओढणे बंद झाले, येसकरकी बंद झाली. म्हणजे माणसे अर्पित दर्जा टाकून अर्जित दर्जा कमावू लागली होती. पुस्तक म्हणते, आधुनिक समाजात अर्पित दर्जाकडून अर्जित दर्जाकडे प्रवास होतो. त्या प्रवासाला निघालेल्यांना वाटेत गाठले जाते, हे पुस्तकात नाही. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. तोवर सोळा वर्षे गेली होती.

१९७८ चा राग केवळ नावाचा नव्हता. त्याखाली गायरान होते. हैदराबाद संस्थानात १९५० साली कूळकायदा झाला, त्याचा लाभ ज्यांचे नाव कूळ म्हणून लागले त्यांना मिळाला. सालगडी आणि येसकर यांची नावे कुठल्याच रकान्यात नव्हती. मग त्यांनी गावच्या पडीक आणि गायरान जमिनींकडे पाहिले. १९५३ साली शेड्युल्ड कास्ट फेडरेशनने मराठवाड्यात यासाठी सत्याग्रह केला. पुढे कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी हा लढा वाढवला आणि ६ डिसेंबर १९६४ पासून रिपब्लिकन पक्षाने तो देशव्यापी केला. लाखो माणसे तुरुंगात गेली. आपल्या चळवळीच्या इतिहासात या लढ्याला जेवढी जागा मिळायला हवी तेवढी मिळालेली नाही, असे मला वाटते. पुतळे आणि नावे यांच्याविषयी आपण पुष्कळ लिहितो.

गायरान कसण्याने गावात काय बिघडते? जनावरे बड्या शेतकऱ्यांकडे जास्त, तेव्हा चराईची जमीन गेली तर नुकसान त्यांचे. पण त्याहून मोठी गोष्ट दुसरी आहे. ज्याच्याकडे दोन एकर माळ आहे त्याला पेरणीच्या आणि खुरपणीच्या दिवसांत स्वतःचे काम असते. तो हाकेसरशी येत नाही. आला तर मजुरी विचारतो. म्हणून दोन एकर माळावरची ज्वारी उपटली जाते. ती ज्वारी किती पायल्या होणार होती, हा प्रश्न उपटणाऱ्याच्या लेखी गौण असतो. इथे मिळकत आणि दर्जा एकमेकांत पुन्हा गुंतलेले दिसतात, आणि जो कार्यकर्ता फक्त जमिनीचा किंवा फक्त सन्मानाचा लढा लढतो त्याच्या हाती अर्धाच दोर असतो.

वर्गात हा इतिहास मी शिकवतो तेव्हा मुले विचारतात, आता कुठे राहिले हे? १० डिसेंबर २०२४ रोजी परभणी रेल्वे स्थानकाजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. दुसऱ्या दिवशी बंद झाला, धरपकड झाली आणि १५ डिसेंबरला कायद्याचे शिक्षण घेणारा एक तरुण न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. प्रकरण पुढे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तो बौद्ध नव्हता, वडार समाजातला होता. श्रेणीबद्ध विषमतेच्या दोन वेगळ्या पायऱ्यांवरची माणसे त्या डिसेंबरात परभणीच्या रस्त्यावर एका बाजूला उभी होती. थोरल्या ओळीला जे जमले नव्हते ते इथे घडताना मी पाहिले. हे प्रश्न विचारणाऱ्या मुलांनीही पाहिले असेल.

गायरानाचे आज काय चालू आहे तेही सांगितले पाहिजे. राज्य शासनाने १९७८ आणि १९९१ साली निर्णय काढून जुनी अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरवले. दुसऱ्या निर्णयात मुदतीची तारीख १४ एप्रिल १९९० धरली. प्रत्यक्षात कितीतरी कास्तकारांचे अर्ज तहसिलात पडून राहिले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासकीय अधिसूचनेने दिलेल्या जमिनींना त्यातून वगळता येईल, असे त्याच निकालात म्हटले आहे. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला आणि गावोगाव नोटिसा निघाल्या. नोटीस काढताना निकालातला पहिला भाग वाचला जातो. दुसरा वाचून दाखवावा लागतो.

अशा वेळी कास्तकाराकडे पुरावा कोणता असतो? तलाठ्याकडे गाव नमुना एक-ई नावाची नोंदवही असते, तीत अतिक्रमणे लिहिली जातात. तीस-चाळीस वर्षे माळ फोडून रान केलेल्या माणसाला सात-बाराच्या मालकी रकान्यात जागा नाही. त्याचे नाव सरकारी कागदावर येते ते अतिक्रमक म्हणून, आणि जमीन नावावर व्हायची असेल तर आधी अतिक्रमक म्हणून नोंद व्हावी लागते. म्हणून आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया तलाठ्यामागे लागून स्वतःवर दंड बसवून घेतात. दंड भरल्याच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत, मयताच्या दाखल्यांबरोबर आणि रेशन कार्डाबरोबर, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेल्या असतात. मागच्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीने अर्पित आणि अर्जित दर्जाच्या प्रश्नाला उदाहरण म्हणून आपल्या आजीची अशी एक पावती लिहिली. पावतीची रक्कम आणि सालही लिहिले होते. तपासणाऱ्याने त्या उत्तराला पाचपैकी दोन गुण दिले होते, कारण व्याख्या पुस्तकातल्या शब्दांत नव्हती.